रेडिओच्या बटणाला बांधलेला दोरा

शेषराव टेलर गेल्याची बातमी मला ज्या रीतीने कळली, तिची शिसारी महिना उलटला तरी माझ्या मनातून गेलेली नाही. परतूरच्या तहसील कार्यालयाच्या कुंपणाला लागून, पत्र्याच्या सावलीत माझे टेबल आहे. तेथे मी गेली चाळीस वर्षे लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि विनंतीपत्रे लिहून देतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज मजकुरातील चुकीमुळे परत आला, असे सांगणारा माणूस या तालुक्यात सापडणार नाही. त्या सकाळी एका वृद्ध महिलेचा निराधार योजनेचा अर्ज लिहीत असताना शेषरावच्या मुलाचा, अंकुशचा, फोन येऊन गेला. हातातील वाक्य पूर्ण करून मी उलट फोन लावला. अंकुशने आपल्या फोनवर एक गाणे लावून ठेवलेले आहे. तो उचलीपर्यंत ते समोरच्याच्या कानात ओतले जाते. नुसता दणदणाट, आणि त्यात कोणी एक इसम 'हे, हे' असे ओरडतो. दुसरा इलाज नसल्यामुळे ते मी ऐकत राहिलो. मग गाणे मध्येच तुटले आणि अंकुशचा आवाज आला, "काका… बाबा गेले."

घरी पोहोचलो तेव्हा दारात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि माणसे बसली होती. बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या हातात मोबाइल, आणि त्यातून गळत असलेले संगीत. एका गाण्याची एक ओळ, लगेच कोणाचे तरी खिदळणे, लगेच दुसऱ्या गाण्याची अर्धी ओळ. अंगठा वर सरकला की गाणे मेले! मी शेजारच्या इसमास म्हणालो की, घरात प्रेत आहे, हे बंद करावे. तो म्हणाला, "आवाज बारीकच हे की, मुन्शीजी." आमच्या भागात निजामाच्या काळापासून अर्ज लिहिणाऱ्याला मुन्शी म्हणतात, आणि मला सगळे त्याच नावाने हाक मारतात. त्या क्षणी मला जी किळस आली ती एका माणसाची नव्हती. ज्याच्या दुकानात मी अर्धे आयुष्य रेडिओ ऐकला, ज्याने मला ऐकणे म्हणजे काय ते दाखवले, त्याच्या पायाशी गाण्यांचे असे तुकडे तुकडे होऊन पडत होते, त्याची ती किळस होती.

शेषरावचे दुकान मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या गल्लीत होते. वडील मेंढपाळ. त्यांचा कळप वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचा. शेषरावला मात्र पायाने चालण्यापेक्षा पायाने मशीन चालवणे जास्त पसंत पडले आणि तिसरीतून शाळा सोडून तो परतूरला एका टेलरच्या हाताखाली राहिला. पुढे त्याने स्वतःचे दुकान टाकले. त्यात एक मशीन, एक बाकडे, आणि फळीवर एक रेडिओ. त्या रेडिओचे केंद्र बदलायचे बटण कोणी फिरवू नये म्हणून शेषरावने त्याला काळा दोरा चार-पाच वेढे देऊन गुंडाळला होता आणि दोऱ्याचे टोक रेडिओच्या कडीला गाठ मारून बांधले होते. काटा कायम एकाच ठिकाणी, आमच्या विभागाच्या मुख्य शहरात जे रेडिओ केंद्र होते त्याच्यावर. गिऱ्हाईक म्हणायचे, "टेलर, क्रिकेट लावा ना जरा." शेषराव तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचा, "दोरा तोडावा लागंल. मंग तुमची पँट कशानं शिवू?"

रविवारी दुपारी त्या केंद्रावरून फर्माईशीचा कार्यक्रम लागे. दर रविवारी जेवून मी दुकानात जाऊन बसायचो. आजच्या वाचकांना हे सांगावे लागते ही शरमेची बाब आहे, पण तेव्हा गाणे लागण्यापूर्वी ते कोणी मागितले त्यांची नावे वाचली जात. निवेदिका सावकाश, एकेका गावाला त्याचा मान देत वाचायची… अमुक गावाहून अमुक, तमुक वस्तीवरून तमुक आणि त्यांचे सर्व मित्रमंडळ. ज्या खेड्यांची नावे तहसीलच्या नकाशात शोधावी लागत, ती त्या पेटीतून स्वच्छ ऐकू येत. मी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात हेरली. गाणे चालू असताना शेषरावची मशीन चालू असायची. नावे सुरू झाली की त्याचा पाय थांबायचा. इतर लोक नावे संपण्याची वाट पाहत. हा गाणे संपण्याची वाट पाहायचा.

कारण विचारायला मला दोन वर्षे लागली. एका रविवारी नावे संपली, गाणे सुरू झाले आणि तरीही मशीन बंदच राहिली. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मुन्शी, माझी बहीण आइकत आसंल हे."

द्वारका ही त्याची धाकटी बहीण. टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवर दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडील तिला आणायला गेले. पंगतीत बसताना द्वारकाच्या सासऱ्याने त्यांना खांद्यावरची घोंगडी दाराबाहेर ठेवायला सांगितले, कारण तिला मेंढरांचा वास येत होता. म्हातारा भरल्या ताटावरून उठला. घोंगडी उचलली आणि सांगितले की, आजपासून माझ्या घरचे पाऊल या उंबऱ्याला लागणार नाही. इकडे बापाची शपथ, तिकडे सासऱ्याचा हट्ट. शेषरावने पत्रे धाडली, ती सासऱ्याने फाडली. मात्र त्या घराच्या ओसरीवर रेडिओ होता आणि रविवारी दुपारी तो लागतो, एवढे शेषरावला टेंभुर्णीच्या बाजारातून कळले होते. "चिठ्ठी फाडता येती," तो म्हणाला, "रेडिओतलं नाव कसं फाडतील? एकडाव माझं नाव तिच्या कानावर गेलं पाह्यजे. भाऊ जित्ता हे, इसरला न्हाई, येवढं तिला कळलं की बास."

आता हे काम कोणाचे, हे सांगण्याची गरज नव्हती. मी त्याला म्हणालो की, कार्ड वगैरे टाकण्याचा पोरकटपणा तू करू नकोस, मी रीतसर अर्ज करतो. तो अर्ज मला आजही तोंडपाठ आहे. प्रति, माननीय केंद्र संचालक यांचे सेवेशी. विषय : भावा-बहिणीच्या प्रेमावरील गीत प्रसारित होऊन त्यासोबत अर्जदाराचे नाव वाचले जाणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार शेषराव, धंदा शिलाई, राहणार परतूर, विनंतीपूर्वक सादर करतो की… पुढे घोंगडीची संपूर्ण हकिकत, कारण वस्तुस्थिती मांडल्याशिवाय मागणीला बळ येत नाही. एवढा मजकूर कार्डावर मावणे शक्य नव्हते. मी फुलस्केप कागद वापरला, आणि पोच मिळावी म्हणून तो रजिस्टर टपालाने पाठवला.

उत्तर आले! शिक्क्यासह, आवक क्रमांकासह. आपला अर्ज प्राप्त झाला असून तो उचित कार्यवाहीसाठी प्रशासन शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे. मी ते पत्र घेऊन दुकानात गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवले. शेषरावने पत्र हातात घेतले, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "गाणं कवा लागंल पण?"

"कार्यवाही चालू आहे," मी म्हणालो.

"म्हंजी या रईवारी?"

"शासकीय काम आहे, शेषराव. पाव्हण्याला चहा सांगितल्यासारखं नसतं ते."

तीन वर्षांत मी अकरा अर्ज केले. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, असे. प्रत्येकाचे उत्तर आले, प्रत्येकावर आवक क्रमांक होता, आणि प्रत्येक रविवारी शेषरावचा पाय नावांना थांबला व नावे संपल्यावर पुन्हा चालू लागला. अकराव्या उत्तरानंतर माझा संयम संपला. मी दुकानात उभा राहून जाहीर केले की, जे केंद्र नागरिकाच्या रास्त मागणीची दखल घेत नाही त्याचा कार्यक्रम मी ऐकणार नाही. त्यानंतर मी रविवारी दुपारी दुकानात जाणे सोडले. सबंध उन्हाळा, पुढे पावसाळा, मी घरी बसलो. शेषराव एकदाच बोलवायला आला. "चल ना, मुन्शी. तू न्हाई तं बाकडं रिकामं रिकामं दिसून राह्यलं." मी गेलो नाही. माझ्या मते तो तत्त्वाचा प्रश्न होता.

त्याच उन्हाळ्यात शेषरावचे वडील वारले होते. मी संधी साधून द्वारकाच्या सासऱ्यांना एक विनंतीवजा पत्र लिहिले, त्यात माणुसकी, परंपरा आणि कायदा या तिन्ही बाजूंनी विषय मांडला. आणि त्या दिवाळीला शेषरावला टेंभुर्णीहून बोलावणे आले! बहीण-भावाची भेट झाली. पुढे येणे-जाणे सुरू झाले ते कायमचे. माझ्या पत्राने एक पाषाणहृदयी म्हातारा नरमला, हे मी त्यानंतर अनेकांना सांगितले. शेषरावसमोरही सांगितले. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "बराबर हे. मुन्शीच्या कलमात ताकद हे."

मग काळ बदलला, किंवा खरे म्हणजे नासला. आधी फर्माईशीतली नावे कमी झाली, मग नुसती गावे उरली, मग 'आपल्या अनेक श्रोत्यांनी' एवढ्यावर काम भागवले जाऊ लागले. अनेक श्रोते! माणसाला त्याच्या नावागावासकट पुसून टाकण्याची याहून सोयीची रीत मला माहीत नाही. नंतर ती खाजगी, चोवीस तास खिदळणारी केंद्रे आली. त्यांवर बोलणाऱ्यांना गाणे आवडत नसावे असा माझा कयास आहे, कारण ते गाण्याला धड सुरू होऊ देत नाहीत आणि संपू तर मुळीच देत नाहीत. वादनाचा तुकडा चालू असतानाच हे आपले घोडे पुढे दामटतात. स्वतःच विनोद करतात आणि स्वतःच हसतात, बटण दाबून आणखी दहा जणांना हसवतात. मग प्लॉटची जाहिरात, मग मसाल्याची जाहिरात. आता तर ती केंद्रेही जुनी झाली. हल्लीच्या मुलांना फोनच सांगतो की तुला पुढचे गाणे कोणते आवडेल. आठवडाभर वाट पाहून, नशिबाने लागलेले गाणे ज्याने ऐकले नाही, त्याला मिळालेल्या हजार गाण्यांची मला असूया वाटत नाही, ओकारी येते.

शेषरावला मात्र असा संताप कधी यायचा नाही. दुकानात रेडिओ चालूच असायचा, त्याच केंद्रावर, त्याच दोऱ्यात. गेल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत पाणी झाले आणि तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी मी शेजारी बसलो असताना म्हणाला, "मुन्शी, ते भावा-बहिणीचं गाणं लावून दे ना कुठूनतरी." अंकुशने फोनवर लगेच शोधून दिले असते. परंतु मला वाटले की फर्माईश ही फर्माईशीसारखीच झाली पाहिजे. म्हणून मी एका खाजगी केंद्राला फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला.

"हाय हाय! कोण बोलतंय?"

"मी परतूरहून बोलत आहे. माझे स्नेही शेषराव टेलर हे आजारी असून…"

"वॉव! काका, एकदम कडक सर वाटताय. छडी हातात आहे का?" आणि मागे दहा जण हसले.

मी शांतपणे गाण्याचे नाव सांगितले. त्यावर तो मुलगा म्हणाला, "बाप रे, हे तर माझ्या आजोबांच्या आजोबांचं! चला, काका आणि काकांच्या फ्रेंडसाठी!" गाणे लागले. पहिले कडवे संपले, आणि दुसऱ्याचा पहिला शब्द गायिकेच्या तोंडून निघतो न निघतो तोच टाईल्सची जाहिरात तिच्यावर आदळली. मी म्हणालो की या लोकांविरुद्ध मी तक्रार करतो, आजच करतो, सविस्तर करतो.

शेषराव उशीवर हसत होता. हसता हसता खोकला आला. थोड्या वेळाने म्हणाला, "गाणं वाजलं. नाव न्हाई वाजलं."

"तेच तर म्हणतो मी!"

"जाऊ दे रे. आपलं नाव झालंय एकडाव वाजून."

"कधी वाजले?"

त्याने डोळे मिटले. "आसंच म्हन्लो." मला वाटले, तापात बोलला. त्यानंतर नऊ दिवसांनी अंकुशचा फोन आला.

तेरवीला द्वारकाबाई आल्या होत्या. आता त्यांचेही केस पांढरे झाले आहेत. जेवणे उरकल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी सांत्वनपर बोललो, आणि बोलण्याच्या ओघात म्हणालो की, ताई, रेडिओने आपल्या भावाला न्याय दिला नाही. अकरा अर्ज करूनही त्याचे नाव आपल्या कानावर पडले नाही, ही खंत मला मरेपर्यंत राहील.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटले रडत आहेत. त्या हसत होत्या.

"मुन्शीदादा, पडलं की कानावर! दादानं सांगितलं न्हाई तुमाला?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

"तवा मी वसरीवर डाळ निवडून राह्यले होते. मामंजी खाटंवर, रेडिओ उशाला. अन् ती बाई बोलली, परतूरहून शेषराव टेलर. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मामंजीनं माझ्याकडं पाह्यलं. म्या म्हन्लं, आता बंद करत्यात. तं त्यायनं आवाज वाढवला." त्यांनी पदर सावरला. "पुरं गाणं आइकलं त्यायनं. मंग म्हन्ले, त्या पोराचा बाप गेला म्हन्त्यात. दिवाळीला बोलावणं धाड."

"पण… माझे पत्र? मी त्यांना पत्र लिहिले होते."

"ते चुलीत गेल्तं, दादा. न वाचता." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितले की मला रागही आला नाही.

मग बाकीचे समजले. माझा बहिष्कार चालू असताना शेषरावने एक साधे कार्ड आणले होते आणि आपल्या तिसरीतल्या अक्षरात दोन ओळी लिहून पेटीत टाकले होते. तिसऱ्या रविवारी ते लागले. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात तेव्हा तोच कार्यक्रम चालू असे, सगळ्यांनी ऐकले. शेषराव उघड्या पायांनी दुकानादुकानात गेला आणि प्रत्येकाला शपथ घातली की मुन्शीला कळता कामा नये. "त्यानं येवढे कागद लिव्हले, त्याला वाईट वाटंल," असे त्याने बहिणीलाही सांगितले होते. पानवाल्यापासून सोनारापर्यंत, ज्यांच्या वारसनोंदी आणि रेशनकार्डे माझ्या हातून झाली, त्या सगळ्यांनी तीस वर्षे तोंड मिटून ठेवले. माझ्या पत्राची फुशारकी मी त्यांच्यासमोर मारीत होतो तेव्हा ते सर्व जण माना हलवीत होते…

घरी येऊन मी फाइल काढली. अकरा उत्तरे, अकरा शिक्के. ज्या वाक्याचा मला अभिमान होता ते मी प्रथमच नीट वाचले. 'प्रशासन शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे.' प्रशासन शाखा! गाणी लावणाऱ्या माणसांच्या टेबलावर ते कागद कधी गेलेच नव्हते. दोन ओळींचे कार्ड असते तर ते फर्माईशीच्या गठ्ठ्यात पडले असते. मी त्याला विषय दिला, संदर्भ दिला, महोदय लिहिले, आणि ती एक तक्रार झाली. त्यांनी तक्रारीला जे करायचे असते ते केले. ते केंद्र चोख होते. एका भावाचे नाव तीन वर्षे अडवून ठेवणारा मी होतो. खाजगी केंद्रातल्या त्या पोराची मला जेवढी किळस येते, तेवढी त्या संध्याकाळी मला माझ्या वळणदार अक्षराची आली.

निघताना द्वारकाबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मी अद्याप कोणाला सांगितलेली नाही. त्या निवेदिकेने नुसते शेषरावचे नाव वाचले नव्हते.

दुकान आता बंद आहे. अंकुश पुण्याला नोकरीला असतो, जाताना म्हणाला, "काका, मशीन विकून टाकतो, रेडिओ तुम्ही न्या." मी तो टेबलाजवळ, पत्र्याखाली ठेवला आहे. रविवारी कार्यालय बंद असते, माणूस नसतो, तरी मी दुपारी येऊन बसतो आणि तो लावतो. दोरा सोडलेला नाही. त्याच काट्यावर आता काय काय लागते ते ऐकवत नाही. तेथेही गप्पा आणि जाहिराती पोहोचल्या आहेत, आणि माझे मत तसूभरही बदललेले नाही. परंतु गाणे लागण्यापूर्वी, जेथे पूर्वी नावांची जागा असे, तेथे जाहिरात सुरू झाली की मी आवाज बंद करतो. तेवढ्या वेळात, शेषरावने आपल्या हाताने लिहिले होते आणि मी माझ्या तत्त्वापायी ऐकले नव्हते, ते मी रिकाम्या आवाराला, सावकाश, गावाला त्याचा मान देऊन वाचून दाखवतो… परतूरहून शेषराव टेलर, आणि त्यांचे मित्र मुन्शीजी.